गुणसूत्रांची हजेरी

मुलांनो, आज एक कोडं घालते. माणसाकडे ४६, बटाट्याकडे ४८, कांद्याकडे १६, कुत्र्याकडे ७८ आणि आपल्या सह्याद्रीच्या जंगलात राहणाऱ्या भेकराच्या मादीकडे फक्त ६. नराकडे मात्र ७! ओळखा पाहू, ही कसली मोजदाद?

दात नव्हेत. बटाट्याला कुठले दात! हाडंही नव्हेत. ही आहे गुणसूत्रांची संख्या. आणि हो, बटाट्याकडे आपल्यापेक्षा दोन जास्त आहेत म्हणून तो आपल्यापेक्षा हुशार, असं मुळीच नाही बरं का! ही गोष्ट शेवटपर्यंत ध्यानात ठेवा. तिचं काम पुढे पडणार आहे.

पाककृतींचं पुस्तक

आपलं शरीर लक्षावधी-कोट्यवधी पेशींचं बनलेलं आहे. बहुतेक प्रत्येक पेशीच्या मधोमध केंद्रक असतं आणि त्यात धाग्यांसारखी गुणसूत्रं असतात. डोळ्यांचा रंग कोणता, रक्त कसं तयार करायचं, हाडं कशी वाढवायची, या सगळ्या सूचना त्यांच्यावर लिहिलेल्या असतात. एकेका सूचनेला म्हणायचं जनुक. माणसात अशी सुमारे वीस हजार जनुकं आहेत.

समजा, हे पाककृतींचं एक मोठं पुस्तक आहे. त्याचे तेवीस खंड आहेत. प्रत्येक खंडाच्या दोन प्रती, एक आईकडून मिळालेली आणि एक वडिलांकडून. तेवीस दुणे शेहेचाळीस. झाली आपली हजेरी पूर्ण!

हा आकडा आज शाळेतला मुलगाही सांगतो, पण तो हाती लागायला फार वेळ लागला. १९२३ साली थिओफिलस पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसाची गुणसूत्रं ४८ असल्याचं सांगितलं आणि पुढची तीस वर्षं पुस्तकांतून अठ्ठेचाळीसच छापलं गेलं. त्यात नवल नाही. पेशीत ही गुणसूत्रं एकमेकांवर गोळा होऊन पडलेली असतात. शेवयांच्या वाडग्यात किती शेवया आहेत, हे न ढवळता मोजून दाखवा बरं!

मग दोन युक्त्या सापडल्या. पहिली, पेशी पातळ द्रावणात ठेवायची. ती पाणी पिऊन फुगते आणि आतली गुणसूत्रं सुटी होतात. दुसरी, कोल्चिसिन नावाचं रसायन वापरायचं. पेशीची विभागणी होताना गुणसूत्रं जाड, आखूड आणि स्पष्ट दिसतात. नेमक्या त्याच वेळी कोल्चिसिन तिला 'स्टॅच्यू' म्हणून थांबवतं. जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्जियो हे शास्त्रज्ञ या युक्त्या वापरून स्वीडनमधल्या लुंड गावच्या प्रयोगशाळेत काम करत होते. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. दर वेळी उत्तर आलं ४६. त्यांनी आणि आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ साली ते प्रसिद्ध केलं आणि जगभरची पुस्तकं बदलावी लागली.

फुगडीला तिघी!

आता ही संख्या पिढ्यान् पिढ्या सारखी कशी राहते, ते पाहू. आईकडचे ४६ आणि वडिलांकडचे ४६ एकत्र आले, तर बाळाचे ९२ व्हायला हवेत ना? तसं होत नाही. कारण आईची बीजांडपेशी आणि वडिलांची शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. म्हणून २३ अधिक २३, पुन्हा ४६.

पण जोड्या लागल्याच नाहीत तर? याचं उत्तर तुमच्या घरातल्या केळ्यात आहे. एक केळं आडवं कापा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. त्या आहेत न झालेल्या बिया. रानकेळीत २२ गुणसूत्रं असतात, म्हणजे अकरा प्रकारांची प्रत्येकी दोन, आणि तिच्या फळात दाताखाली येणाऱ्या कडक बिया भरलेल्या असतात. आपण खातो त्या जळगावच्या बसराई किंवा ग्रँड नैन केळीत असतात ३३, म्हणजे प्रत्येक प्रकाराची तीन. फुगडीला दोघी लागतात. तिघी उभ्या राहिल्या की कोणी कोणाचा हात धरायचा? बीज तयार होताना केळीत हाच गोंधळ उडतो. नीट वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. शेतकरी केळी लावतो ती बियांनी नव्हे, तर कंद-मुनव्यांनी किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांनी.

खेचराचंही असंच. घोडीची ६४ गुणसूत्रं, त्यांतली निम्मी ३२. गाढवाची ६२, त्यांतली निम्मी ३१. खेचराची झाली ६३. जोड्या जुळत नाहीत, म्हणून खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. पण डोंगरातल्या वाटेनं ओझी वाहायला खेचरासारखा काटक प्राणी शोधून सापडायचा नाही!

पोळीतली बेरीज

आता गव्हाकडे वळू. सांगली-साताऱ्याकडे खपली गहू पिकतो. त्याची खीर तुमच्यापैकी काहींनी खाल्ली असेल. खपलीत २८ गुणसूत्रं असतात. आणि रोजच्या पोळीच्या लोकवन गव्हात ४२. हे चौदा आले कुठून?

सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला खपलीच्या जातीचा गहू शेतात उभा होता आणि बांधावर एक रानगवत. त्या गवतात १४ गुणसूत्रं होती. वाऱ्यावर परागकण उडाले आणि दोघांचा संकर झाला. गव्हाकडून आली १४, गवताकडून ७. बेरीज २१, पण एकालाही जोडीदार नाही. मग आणखी एक नवल घडलं. सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली, ४२! प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि बी धरू लागलं. हा नुसता तर्क नव्हे. १९४० च्या दशकात शास्त्रज्ञांनी तसाच संकर पुन्हा करून तसा गहू मिळवून दाखवला.

अशी दुप्पट करायची युक्ती आता माणसाच्याही हाती आहे, तीही त्याच कोल्चिसिनच्या मदतीने. पेशीने गुणसूत्रं दुप्पट केली, पण कोल्चिसिनमुळे तिला दोन भागांत वाटता आलं नाही की सगळी एकाच पेशीत राहतात. जपानच्या हितोशी किहारा यांनी ही युक्ती वापरून बिनबियांचं कलिंगड तयार केलं. साध्या कलिंगडाची २२, दुप्पट केलेल्याची ४४. दोघांच्या संकरातून ३३, आणि पुन्हा फुगडीला तिघी! पावसाळ्यात आपल्याकडे लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी दिसते, तिच्यातही कोल्चिसिन असतं. पण कळलावी अतिशय विषारी आहे. ती लांबूनच पाहायची, तोडायची नाही आणि तोंडात तर मुळीच घालायची नाही.

वाक्यांची गंमत करून पाहा

गुणसूत्रांची संख्या बदलते, तशी रचनाही बदलते. हे समजायला कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर लिहा, 'आई आज मला गरम पोळी वाढ'. दुसरीवर लिहा, 'बाबा काल शेतात नांगर विसरले'. आता कात्री चालवा.

पहिला बदल, एक शब्द गळाला. 'आई आज मला गरम वाढ'. गरम काय? आई विचारात पडेल! याला म्हणतात लोप. माणसाच्या पाचव्या गुणसूत्राच्या टोकाचा तुकडा गळाला, तर बाळाचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं येतं आणि त्याची वाढही सावकाश होते. हे १९६३ साली फ्रान्समध्ये झेरोम लेझ्युन यांनी दाखवलं.

दुसरा बदल, एक शब्द दोनदा आला. 'आई आज मला गरम गरम पोळी वाढ'. इथे बिघडलं काहीच नाही, उलट पोळी जास्तच गरम झाली! याला म्हणतात द्विरावृत्ती. ती कधी त्रासाची ठरते, पण सजीवांना नवे गुण मिळाले तेही पुष्कळदा अशा जादा प्रतींतून.

तिसरा बदल, मधला तुकडा उलटा बसला. 'आई आज पोळी गरम मला वाढ'. वाक्य वाकडं आहे, पण पोळी मिळेल. याला म्हणतात उत्क्रम. अनेकांना अशा उलट्या तुकड्याचा जन्मभर काही त्रास होत नाही.

चौथा बदल, दोन पट्ट्यांची अदलाबदल. दोन्ही वाक्यं तिसऱ्या शब्दानंतर कापा आणि मागचे तुकडे बदलून चिकटवा. 'आई आज मला नांगर विसरले'! 'बाबा काल शेतात गरम पोळी वाढ'! हसलात ना? याला म्हणतात स्थानांतरण.

पण अशा एका अदलाबदलीने माणसांचे जीव जात होते. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात रुग्णाच्या पेशींत एक फार आखूड गुणसूत्र दिसतं, हे १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात दोन संशोधकांनी पाहिलं. उरलेला तुकडा गेला कुठे? शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी ते शोधलं. त्या गुणसूत्रांची छायाचित्रं घरी आणत आणि जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जोड्या लावत. मुलं चिडवत, आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय! त्या बाहुल्यांतूनच कळलं, की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्याला चिकटलाय आणि नवव्याचा बाविसाव्याला. १९७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. जोडाच्या जागी कोणती चुकीची सूचना तयार होते, ते पुढे समजलं. मग नेमकी तीच बंद करणारं गोळीच्या रूपातलं औषध आलं. त्याला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्वी काही वर्षांतच दगावणारे पुष्कळ रुग्ण आता ती गोळी घेऊन वर्षानुवर्षं कामधंदा करतात. हा बदल रुग्णाच्या जन्मानंतर रक्ताच्या पेशीत झालेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो.

आणि आपलं भेकर? त्याचा चीनमधला एक नातेवाईक आहे. दिसायला पुष्कळसा तसाच, पण त्याच्याकडे ४६ गुणसूत्रं. भेकराकडे सहा-सात कशी? सूचना हरवल्या म्हणून नव्हे. अनेक खंड एकमेकांना शिवून मोठाले ग्रंथ झाले! आपल्याही पूर्वजांमध्ये असं एकदा घडलंय. चिंपँझी आणि गोरिलाची गुणसूत्रं ४८ असतात. आपल्याकडे त्यांतल्या दोन प्रकारांचं मिळून एकच झालं आहे. ते आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र. त्याच्यावरची जोडाची खूण १९९१ साली सापडली.

आमटीतलं मीठ

आता एक अवघड प्रश्न. केळीत अकरा गुणसूत्रं जादा, तरी केळ झकास. मग माणसात एकच जादा आलं तर फरक का पडतो?

चार माणसांची आमटी सहा माणसांसाठी करायची झाली, तर आई डाळ वाढवते, पाणी वाढवते, मीठ, चिंच, गूळ सगळंच वाढवते. चव तीच राहते. केळीत पूर्ण संच वाढला, म्हणजे सगळ्याच सूचना सारख्या प्रमाणात वाढल्या. वनस्पतींना असं वाढणं पुष्कळदा मानवतं. प्राण्यांना सहसा मानवत नाही. पण आमटी तेवढीच ठेवून नुसतं मीठच वाढवलं तर? पदार्थ तेवढेच, पण प्रमाण बदललं. एकच गुणसूत्र जादा येतं तेव्हा असं होतं. मोठं गुणसूत्र जादा आलं तर प्रमाण इतकं बदलतं, की बाळ जन्मापर्यंत टिकतच नाही. आपलं सर्वांत छोटं गुणसूत्र आहे एकविसावं. नंबर देताना बाविसावं सर्वांत लहान वाटलं होतं, पण नीट मापल्यावर एकविसावं लहान निघालं! त्यावर सूचना थोड्या आहेत. म्हणून ते जादा असलेली पुष्कळ बाळं जन्माला येतात, वाढतात, शाळेत जातात. हजार जन्मांमागे साधारण एका बाळाची गुणसूत्रं अशी ४७ असतात. याला म्हणतात डाऊन सिंड्रोम.

डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या मुलांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. या मुलांचे डोळे थोडे तिरके असतात. त्यावरून त्यांनी एका अख्ख्या मानवसमूहाचं नाव या स्थितीला देऊन टाकलं होतं. पुढे मंगोलिया देशाने हरकत घेतली आणि १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव टाकून दिलं. खरं कारण कळलं १९५९ साली पॅरिसमध्ये. तिथे पेशी वाढवण्याचं किचकट काम मार्थ गोतिए या डॉक्टरबाईंनी केलं, लेझ्युन यांनी ४७ ची नोंद जगापुढे मांडली. गोतिएबाईंचं नाव लोकांना माहीत व्हायला मात्र फार वर्षं लागली. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून २१ मार्च, म्हणजे तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेने २०१२ पासून जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो.

आता एक गणित. एखाद्याच्या शरीरात चौदावं आणि एकविसावं गुणसूत्र एकमेकांना चिकटलेलं असतं. त्याची हजेरी घेतली तर भरते ४५. पण सूचना सगळ्या हजर, म्हणून माणूस ठणठणीत! त्याच्या बाळाला त्याच्याकडून ते चिकटलेलं गुणसूत्र आणि शिवाय सुटं एकविसावं, अशी दोन्ही मिळाली, तर बाळाची हजेरी भरते बरोबर ४६. तरी त्याला डाऊन सिंड्रोम असतो, कारण एकविसाव्याच्या प्रती तीन झाल्या. ४५ असून ठीक आणि ४६ असून वेगळा! म्हणजे नुसत्या आकड्याला अर्थ नाही. अर्थ आहे तो प्रमाणाला.

दोष कोणाचा?

अशा बाळाच्या घरी लोक येतात आणि कुजबुजतात. 'हिनं ग्रहणात काहीतरी चिरलं असेल.' 'कोणाची तरी नजर लागली.' मुलांनो, हे साफ खोटं आहे. बहुतेक वेळा एवढंच घडलेलं असतं, की बीजांडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना एकविसाव्या क्रमांकाच्या जोडीने हात सोडलेच नाहीत. दोघंही एकाच पेशीत गेली. चोवीस अधिक तेवीस, सत्तेचाळीस. आईचं वय जास्त असेल तर ही शक्यता वाढते, पण ती कुठल्याही वयाच्या आईच्या बाळात असते. ग्रहण, नजर, खाणंपिणं, मागच्या जन्माचं पाप यांचा काडीचाही संबंध नाही. हा संसर्गही नव्हे. शेजारी बसल्याने तो कोणाला लागत नाही.

या मुलांपैकी निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. स्नायू थोडे सैल असतात. बोलायला, लिहायला शिकताना जास्त वेळ लागतो. १९८३ साली अमेरिकेत अशा माणसांचं सरासरी आयुष्य पंचविसाच्या आसपास होतं, आता ते साठीच्या घरात गेलं आहे. गुणसूत्रं तर तेव्हाही ४७ होती आणि आताही ४७ आहेत. मग बदललं काय? हृदयाच्या शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागल्या आणि मुलांना संस्थांत टाकून न देता घरात, शाळेत वाढवायला सुरुवात झाली. म्हणजे बदलली ती माणसांची वागणूक.

स्पेनमधल्या मालागा गावच्या पाब्लो पिनेडा यांना डाऊन सिंड्रोम आहे. त्यांनी विद्यापीठात शिकून शिक्षकाची पदविका घेतली. चित्रपटात काम करून २००९ साली सान सेबास्टियनच्या महोत्सवात उत्तम अभिनेत्याचं पारितोषिकही मिळवलं. सगळ्यांना एवढं जमेल असं नाही. आपल्यातल्या सगळ्यांना तरी कुठे जमतं? कोणी भाकरी करायला शिकेल, कोणी दुकानात मदत करेल, कोणी सुरेख ढोल वाजवेल. शिकण्याचा हक्क मात्र सगळ्यांना आहे. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो लेखी दिला आहे.

पण कायदा मधल्या सुट्टीत मैदानावर येत नाही. तिथे तुम्ही असता. तुमच्या वर्गात किंवा गल्लीत असं मूल असेल, तर चार गोष्टी करा. त्याच्याशी थेट बोला, त्याच्या ताईला 'याला काय हवंय' असं विचारू नका. छोटी वाक्यं बोला आणि उत्तराची वाट पाहा. त्याला उत्तर येतं, फक्त थोडा वेळ लागतो. नवा खेळ तोंडाने समजावण्याऐवजी खेळून दाखवा. बघून या मुलांना पटकन कळतं. आणि त्याला कायमचा 'कच्चा लिंबू' करू नका. लगोरी रचायला द्या, राज्य आलं तर राज्यही घेऊ द्या.

बटाट्याची ४८, भेकराची ६, पोळीच्या गव्हाची ४२. आकडा मोठा म्हणून कोणी थोर नाही आणि वेगळा म्हणून कोणी चुकीचा नाही. उद्या तुमच्यासमोर कोणी ग्रहणाची आणि नजरेची गोष्ट काढली, तर गप्प बसू नका. कागदाच्या पट्ट्या घ्या आणि मोठ्या माणसांना समजावून सांगा, चोवीस अधिक तेवीस किती होतात ते!